चारशे चौतीस मतं आणि एक रिकामी जागा

आमच्या एका मामांनी आयुष्यात एकदाच नगरपालिकेची निवडणूक लढवली आणि ते जिंकले. खानदेशातलं लहानसं गाव, वॉर्ड त्यांच्याच आळीचा. निवडून आल्यावर दोनेक वर्षांनी एके दिवशी दारात गाडी आली आणि मामा आठ दिवसांच्या ‘सहली’ला गेले. सोबत इतर नगरसेवकही होते. कुठे जातात, कधी येतात, हे मामीलाही नीट ठाऊक नव्हतं. आठव्या दिवशी गाडी आधी मतदान केंद्रावर गेली आणि मग घरी आली. मामांच्या अंगावर नवा सफारी होता. मी तेव्हा कॉलेजात होतो. मत कोणाला दिलं, असं विचारल्यावर ते अहिराणीत म्हणाले, “आमले कोन ईचारस, भाचा? एक लिखाले सांगं, लिखी टाकं.”

ती निवडणूक विधान परिषदेची होती. पक्ष कोणता, उमेदवार कोण, याला इथे महत्त्व नाही. सहलीला नेणारे एकाच पक्षाचे नसतात, हे खानदेशात कोणालाही सांगावं लागत नाही. मला मात्र तेव्हापासून दोन प्रश्न पडले. आपल्या जिल्ह्यातून वरच्या सभागृहात माणूस जातो तो नेमका कोणाच्या मताने? आणि त्या जागेचा पगार सरकार देतं, पण ती जागा मिळवण्याचा खर्च कोण करतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर सापडत नाही. पहिल्याचं सापडतं, आणि ते शोधताना दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

आधी आजची व्यवस्था पाहू. महाराष्ट्र विधान परिषदेत ७८ जागा आहेत. त्यातले ३० सदस्य विधानसभेचे आमदार निवडतात आणि २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य निवडतात. ७ जण पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे आणि १२ राज्यपालनियुक्त. राज्यघटनेच्या १७१व्या कलमात ही विभागणी सांगितली आहे. सदस्याची मुदत सहा वर्षांची. सभागृह कधीच विसर्जित होत नाही, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या सर्वसामान्य मतदाराचं थेट मत या ७८ पैकी एकाही जागेला लागत नाही. पदवी असेल किंवा माध्यमिक शाळेत शिकवत असाल, तरच १४ जागांपुरतं दार उघडतं.

स्थानिक संस्थांच्या दाराने खानदेशातून दोन जागा आहेत. एक जळगावची, दुसरी धुळे आणि नंदुरबार मिळून. मतदार कोण, तर महापालिकेचे आणि नगरपालिकांचे नगरसेवक, जिल्हा परिषदेचे सदस्य आणि पंचायत समित्यांचे सभापती. ग्रामपंचायत सदस्यांना आपल्याकडे हे मत नाही. शेजारच्या कर्नाटकात ते आहे. त्यामुळे मतदारयादी काहीशे नावांची होते. डिसेंबर २०२० मध्ये धुळे-नंदुरबारची पोटनिवडणूक झाली. शिरपूरचे अमरिश पटेल आधी काँग्रेसचे आमदार होते. राजीनामा देऊन ते भाजपमध्ये गेले आणि त्याच जागेवर पुन्हा उभे राहिले. एकूण ४३४ मतं पडली. त्यातली पटेल यांना ३३२, काँग्रेसच्या उमेदवाराला ९८ आणि चार बाद. राज्यात तेव्हा काँग्रेस, राष्ट्रवादी आणि शिवसेना यांचं सरकार होतं. धुळे आणि नंदुरबार या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ३७ लाखांच्या घरात होती. त्या ३७ लाखांचा वरच्या सभागृहातला आवाज ठरवायला ४३४ माणसं पुरली.

यात बेकायदा काही नाही. कायदाच तसा आहे, आणि त्याचं मूळ इंग्रजी अमदानीत आहे.

मुंबई इलाख्याचं कायदेमंडळ २२ जानेवारी १८६२ला मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये पहिल्यांदा भरलं. १८६१च्या कायद्याने गव्हर्नरला आपल्या कौन्सिलात काही जादा सदस्य नेमण्याची मुभा दिली होती, आणि त्यातले निम्मे तरी सरकारी नोकर नसावेत अशी अट होती. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे प्रतिष्ठित धनिक त्यात आले. नेमणूक दोन वर्षांची, आणि नेमणारा गव्हर्नर. ते सदस्यत्व म्हणजे मान होता. त्यावर घर चालवायची वेळ ज्याच्यावर आहे, असा माणूस तिथे पोचणारच नव्हता. कुणब्याला किंवा विणकराला कोणी मज्जाव केला नव्हता, पण त्याची गरजही नव्हती. बिनपगारी सभागृह गरिबांना आपोआप बाहेर ठेवतं.

मग १८९२चा कायदा आला. काँग्रेसची मागणी निवडणुकीची होती. ब्रिटिश पार्लमेंटने निवडणूक द्यायची आणि तिला निवडणूक म्हणायचं नाही, असा मार्ग काढला. ठरावीक संस्थांनी नावाची ‘शिफारस’ करायची आणि गव्हर्नरने त्या माणसाला ‘नेमायचं’. मुंबई महापालिका, विद्यापीठ, दख्खनचे सरदार, व्यापाऱ्यांची संस्था आणि जिल्हा लोकल बोर्डं यांना हा हक्क मिळाला. मध्य विभागातल्या लोकल बोर्डांच्या जागेवरून १८९५ साली बाळ गंगाधर टिळक मुंबई कायदेमंडळात गेले. पुणे, सातारा, सोलापूर, नगर, नाशिक यांच्यासोबत खानदेशही त्या मध्य विभागात होता. तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा. पूर्व आणि पश्चिम अशी त्याची फाळणी १९०६ मध्ये झाली, आणि पुढे त्यांचेच जळगाव व धुळे जिल्हे झाले.

म्हणजे आमच्या मामांच्या मताची वंशावळ टिळकांच्या जागेपर्यंत पोचते. लोकल बोर्डाच्या सभासदांनी माणूस सुचवायचा, ही १८९२ची पद्धत. नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यांनी माणूस निवडायचा, ही आजची. तेव्हा ती पद्धत पुढे टाकलेलं पाऊल होती, कारण त्याआधी गव्हर्नरच्या मर्जीखेरीज काहीच नव्हतं. टिळक १८९७ मध्ये पुन्हा निवडून गेले, आणि त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात अटक झाल्यावर ती जागा त्यांना सोडावी लागली. सरकारवर टीका करणारा संपादक सरकारच्याच कौन्सिलात बसू शकला, तो मूठभर सभासदांच्या मतांमुळे. मतदार थोडे असले की ते विकाऊच असतात, असं म्हणता येत नाही ते यामुळेच. फरक इतकाच की, १८९५ मध्ये थोड्यांना मत होतं आणि बाकी कोणालाच नव्हतं. आज सगळ्यांना मत आहे, आणि तरीही या जागांपुरतं ते थोड्यांनाच आहे.

दोन सभागृहं आली ती १९३५च्या कायद्याने. सहा प्रांतांना वरचं सभागृह मिळालं, त्यात मुंबई एक. मुंबईच्या वरच्या सभागृहात २९ किंवा ३० सदस्य असायचे. २० सर्वसाधारण जागा, ५ मुस्लिम, १ युरोपियन आणि गव्हर्नरने नेमलेले तीन किंवा चार. मतदानाचा हक्क मालमत्ता आणि प्रतिष्ठा पाहून दिलेला. खालच्या सभागृहात लोकप्रतिनिधी फार पुढे गेलेच, तर वर त्यांना आवरणारे असावेत, हा हेतू लपवलेला नव्हता.

याच कायद्याखाली निवडणुका लढवायच्या का, यावर डिसेंबर १९३६ मध्ये आमच्या पूर्व खानदेशातल्या फैजपूरला चर्चा झाली. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. निवडणुका लढवायच्या हे तिथे पक्कं झालं, मंत्रिपदं घ्यायची की नाही हा निर्णय पुढे ढकलला. जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळ मुंबईत आलं आणि मंत्र्यांनी महिना ५०० रुपये पगार घेतला. घराचा आणि गाडीचा भत्ता वेगळा. हा आकडा १९३१च्या कराची ठरावातला होता. वरिष्ठ गोऱ्या अधिकाऱ्यांना हजारो रुपये मिळत, त्या काळात तो ठरला. फैजपूरच्या तंबूंमध्ये जमलेल्या शेतकऱ्यांना ५०० रुपये ही मोठीच रक्कम होती, पण प्रतिनिधीने लोकांपासून किती लांब राहायचं याचं एक माप त्यात होतं.

पगाराबद्दल आपण चिडून बोलतो, म्हणून हेही सांगायला हवं की, लोकप्रतिनिधीला पगार हवा ही मागणी गरिबांची आहे. इंग्लंडमधल्या चार्टिस्ट कामगारांनी १८३८ मध्ये ती केली. हाऊस ऑफ कॉमन्सच्या सदस्यांना वर्षाला ४०० पौंड मिळू लागले ते १९११ मध्ये, आणि मगच मजुराच्या पोराला तिथे निश्चिंतपणे बसता आलं. त्यांच्या वरच्या सभागृहात, लॉर्ड्समध्ये, बहुतेक सदस्यांना आजही पगार नाही. ज्या दिवशी हजर त्या दिवसाचा भत्ता. कॅनडाच्या सिनेटमध्ये उलटं आहे. तिथे सगळेच सदस्य पंतप्रधानांच्या सल्ल्याने नेमलेले, वयाच्या ७५व्या वर्षापर्यंत, आणि त्यांना पगार मिळतो. पण १८६७ पासून प्रत्येकाकडे ४,००० डॉलरची मालमत्ता हवी, ही अट घटनेत आहे. कोण निवडणार आणि पैसे कोण देणार, हे दोन प्रश्न जगभर असे जोडीनेच येतात.

आपल्याकडे घटनेच्या १९५व्या कलमाने दोन्ही सभागृहांच्या सदस्यांचे पगार ठरवण्याचा अधिकार विधिमंडळालाच दिला. घेणारे आणि ठरवणारे एकच. परिषदेच्या आमदाराला विधानसभेच्या आमदाराइतकंच वेतन, तेच भत्ते, तेच निवृत्तिवेतन. ऑगस्ट २०१६ मध्ये वेतनवाढीचं विधेयक चर्चेविना मंजूर झालं. आमदारांची मासिक रक्कम ७५ हजारांच्या आसपास होती, ती दीड लाखाच्या पलीकडे गेली. मूळ वेतन प्रधान सचिवांच्या वेतनाशी जोडलं गेलं. माजी आमदारांचं किमान निवृत्तिवेतन ४० हजारांवरून ५० हजारांवर गेलं. राज्यात त्या आधीची दोन-तीन वर्षं दुष्काळाची होती.

पगार वाढला याचं मला वाईट वाटत नाही. खटकतं ते वेगळं. विधानसभेचा आमदार दोन-तीन लाख मतदारांच्या दारात जाऊन येतो. पाच वर्षांनी त्याला पुन्हा जावं लागतं. परिषदेच्या आमदाराला त्याच्याइतकाच पगार सहा वर्षं मिळतो, आणि जायचं असतं चारशे माणसांकडे, तीस आमदारांकडे किंवा एका पक्षश्रेष्ठीकडे. वेतन समान केलं, उत्तरदायित्व समान केलं नाही.

मग हे सभागृह ठेवायचं कशाला? पश्चिम बंगालने १९६९ मध्ये, पंजाबने १९७० मध्ये आणि तमिळनाडूने १९८६ मध्ये आपापली परिषद बंद केली. महाराष्ट्राने ठेवली, आणि ठेवण्यासारखं काही त्यात घडलंही. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं सभापती असलेले वि. स. पागे रोजगार हमी योजनेचे जनक. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी तो प्रयोग सुरू करवला. १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. पुढे सगळ्या देशाला मिळालेल्या रोजगार हमीच्या कायद्याची ही पहिली पायरी.

राज्यपालनियुक्त बारा जागांमागेही चांगला विचार होता. साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा यांतलं विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेली माणसं, असं कलम म्हणतं. राज्यसभेच्या यादीत सहकार नाही, राज्याच्या परिषदेत आहे. निवडणूक लढवणं ज्याला जमणार नाही, पण ज्याचं म्हणणं सभागृहाने ऐकायला हवं, त्याच्यासाठी हे दार. ग. दि. माडगूळकर याच दाराने गेले. १९७८ मध्ये ना. धों. महानोर गेले. महानोरांचं पळसखेडे औरंगाबाद जिल्ह्यात, पण अजिंठ्याच्या डोंगराच्या अलीकडे, आमच्या बाजूला. शाळा शेंदुर्णीची, कॉलेज जळगावचं. कोरडवाहू शेतात राबणारा कवी विधान परिषदेत पाणी, शेती आणि फळबागा यांवर बोलला. त्याला चारशे मतदार सहलीला न्यावे लागले नाहीत. नेमणुकीची पद्धत वाईटच असते असं मी म्हणत नाही, ते महानोरांमुळे.

त्याच दाराची २०२० मध्ये काय अवस्था झाली ते आपण पाहिलं. सहा नोव्हेंबरला राज्य सरकारने बारा नावं राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे दिली. त्यात खानदेशातली दोन होती, जळगावचे एकनाथ खडसे आणि नंदुरबारचे चंद्रकांत रघुवंशी. दोघंही मुरलेले राजकारणी, आणि दोघांनीही नुकताच पक्ष बदललेला. यादीत गायक आनंद शिंदे यांच्यासारखं कलेतलं नावही होतं, पण राजकारणातली नावं जास्त होती. राज्यपालांनी यादी मंजूर केली नाही आणि परतही पाठवली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की, वाजवी वेळेत निर्णय घेणं हे राज्यपालांचं कर्तव्य आहे आणि आठ महिने हा काळ पुरेसा होता. तरीही काही झालं नाही. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारने ती यादीच मागे घेतली. बारापैकी सात जागा भरल्या गेल्या त्या ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागण्याच्या तोंडावर. एका सरकारने जागांचा उपयोग माणसं सामावून घेण्यासाठी केला, राज्यपालांनी गप्प राहून त्या अडवल्या, दुसऱ्या सरकारने पुन्हा आपली माणसं बसवली. कवी किंवा शास्त्रज्ञ नसल्याची खंत तिघांपैकी कोणीही बोलून दाखवली नाही.

दोघा खानदेशी नेत्यांना पुढे दुसरं दार मिळालं, आमदारांच्या मतांचं. खडसे २० जून २०२२ला निवडून आले. राज्यसभेची निवडणूक २००३ पासून खुल्या मतदानाने होते, परिषदेची मात्र गुप्त. त्या दिवशी मतं फुटली, आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतेला निघाले. सुरत म्हणजे आम्हा खानदेशी माणसांचं पोट भरण्याचं गाव. भुसावळ-सुरत गाडीने आमची किती पोरं कामाला जातात. तिथे सरकारं पाडायलाही जातात, हे तेव्हा कळलं. रघुवंशी मार्च २०२५ मध्ये बिनविरोध निवडून आले.

आता जळगावच्या जागेकडे येतो. २०१६ मध्ये तिथून भाजपचे चंदुलाल पटेल निवडून गेले. त्यांची मुदत डिसेंबर २०२२ मध्ये संपली, आणि पुढची तीन वर्षं जागा रिकामीच राहिली. कारण उमेदवार नव्हते असं नाही, मतदारच उरले नव्हते. किमान ७५ टक्के स्थानिक संस्था अस्तित्वात असतील आणि ७५ टक्के मतदार उपलब्ध असतील, तरच ही निवडणूक घेता येते. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या वादात नगरपालिका, जिल्हा परिषदा आणि महापालिका यांच्या निवडणुका लांबत गेल्या. मुदत संपली तिथे प्रशासक बसले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचे आदेश दिले, आणि नगरपालिकांसाठी मतदान झालं ते डिसेंबर २०२५ मध्ये.

या तीन वर्षांत जळगावच्या रिकाम्या जागेसाठी कोणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही. नगरपालिकेत नगरसेवक नाही म्हणून लोक वैतागले होते. गटार तुंबलं तर सांगायचं कोणाला, दाखल्यावर सही कोणाची घ्यायची, हे रोजचे प्रश्न होते. परिषदेतला आमदार नाही, याचं कोणालाच काही वाटलं नाही. मला वाटतं, या सभागृहाबद्दलचा सगळ्यात कठोर शेरा लोकांनी असा न बोलता दिला आहे. तळाची लोकशाही बंद पडली की वरची जागा आपोआप रिकामी होते, हेही त्यातून दिसलं. म्हणजे ती जागा मुळात तळाचीच होती. आपण ती चारशे लोकांपुरती ठेवली म्हणून ती परकी झाली.

मला स्वतःला या सभागृहात एका जागेपुरतं मत आहे, नाशिक पदवीधर मतदारसंघाचं. नाशिक, नगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबार, पाच जिल्हे मिळून एक आमदार. पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत, आणि दर निवडणुकीआधी अठरा नंबरचा फॉर्म नव्याने भरावा लागतो. एकदा पदवीधर झालेला माणूस सहा वर्षांनी पदवीधर राहत नाही, असं सरकारला वाटत असावं. जानेवारी २०२३ मध्ये मी रांगेत उभा राहिलो. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनने मतपत्रिकेवर १, २, ३ असे आकडे लिहिले. मला कोणी सहलीला नेलं नव्हतं, कारण मतदार लाखांनी होते. एवढ्यांना गाडीत बसवणं कोणाला परवडत नाही.

परिषद बंद करा, असं म्हणणं मला सोपं वाटतं, आणि पागे व महानोर आठवले की तसं म्हणवत नाही. पण ग्रामपंचायत सदस्यांना मत द्यायला काय हरकत आहे? एकट्या जळगाव जिल्ह्यात त्यामुळे मतदार हजारांनी वाढतील. राज्यपालांनी यादीवर ठरावीक दिवसांत होय किंवा नाही म्हणावं, आणि बारा जागांवर त्या त्या क्षेत्रातलीच माणसं यावीत, यात अवघड काय आहे? पगाराचा आकडा स्वतःच न ठरवता बाहेरच्या समितीकडे द्यायला कोण अडवतं? १८९२ मध्ये निवडणुकीला शिफारस म्हटलं जात होतं. आज शिफारशीलाच आपण निवडणूक म्हणतो.

मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. तो सफारी बरीच वर्षं लग्नाकार्यात वापरला. मागच्या दिवाळीला त्यांना सांगितलं की, जळगावची जागा तीन वर्षं रिकामी आहे, कारण मत द्यायला नगरसेवकच नाहीत. त्यांनी जरा विचार केला आणि विचारलं, मग त्या आमदाराचा पगार वाचला असेल ना, तो कुठे गेला?